निस्ता दगड

१९८७ साली सोनगीरच्या बाजूच्या एका खेड्यातल्या बायकांचं आपल्या पोरांवर अजिबात प्रेम नाही, असं शास्त्रीय पद्धतीने सिद्ध होत आलं होतं. फक्त टायपिंग बाकी होतं. गावाचं नाव सांगत नाही. चांगलं गाव आहे, आणि तसं कोणी म्हटलेलं त्या गावाला चालत नाही.

सिद्ध करणारी मुलगी प्रमिला बैसाणे. राहणारी धुळ्याची, शिकायला जळगावच्या एका समाजकार्य महाविद्यालयात. वडील झुलाल बैसाणे एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर. त्यांच्या घरात सकाळी बुद्धवंदना, संध्याकाळी वर्तमानपत्र आणि बाराही महिने एकच कायदा: दृष्ट, नजर, करणी, भानामती यांनी उंबऱ्याबाहेर थांबावं. प्रमिला एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला होती. मार्चमध्ये तिचा लघुप्रबंध मंजूर झाला की महाविद्यालयाच्या नव्या प्रकल्पावर अधिकारी म्हणून तिची नेमणूक व्हायची होती. झुलालभाऊंनी ही बातमी वर्कशॉपातल्या प्रत्येक माणसाला सांगितली होती. काही जणांना तर गाडीखाली आडवे असताना सांगितली होती. त्यांना उठून जाता आलं नव्हतं.

लघुप्रबंधाचा विषय होता ग्रामीण बालकांचा विकास आणि संगोपनकर्त्यांचा दृष्टिकोन. संगोपनकर्ता म्हणजे पोर सांभाळणारं माणूस. खेड्यात आई वावरात असते, त्यामुळे संगोपनकर्ता म्हणजे बहुधा आजी. आपण संगोपनकर्त्या आहोत हे आज्यांना माहीत नव्हतं. कळल्यावरही त्यांच्यात काही फरक पडला नाही.

दृष्टिकोन मोजायला एक मापिका होती. ती परदेशात जन्मली होती आणि पुण्यात तिचं मराठी झालं होतं. ‘मला माझ्या पाल्याचा अभिमान वाटतो. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत.’ प्रमिला आधी पाल्य म्हणजे काय ते सांगायची, मग अभिमान म्हणजे काय ते सांगायची आणि मग उत्तराची वाट पाहायची.

पहिल्याच दिवशी ती पार्वताबाईंच्या ओट्यावर बसली. पार्वताबाईंचा नातू चिंधा, वय साडेतीन. आधीची दोन भावंडं राहिली नाहीत म्हणून याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवलेलं, म्हणजे वरच्याचं लक्ष जाऊ नये. अंगणवाडीच्या लताबाई ओळख करून द्यायला आल्या होत्या. ओळख करून देऊन त्या लगेच निघून गेल्या, कारण त्यांना पुढचं माहीत होतं.

“आजी, चिंधाचा तुम्हाला अभिमान वाटतो का?”

“कसाना वाटस व बाई. निस्ता दगड शे.”

“म्हणजे असहमत?”

“खास आन् झोपस. काहीच येस नही त्याले.”

“पूर्ण असहमत,” प्रमिला म्हणाली आणि खूण केली. “बरं, तो बोलतो कसा?”

“बोलस कोठे. म्हशीना मायेक रेकस.”

म्हशीसारखा रेकणारा चिंधा तेव्हा ओट्याखाली एका शेळीला तपशीलवार समजावून सांगत होता की, काल तिने जी पानं खाल्ली ती भिकनकाकाची होती आणि आता भिकनकाका तिला मारणार आहे. प्रमिलाने ते ऐकलं. पण मापिकेत शेळीशी बोलण्यासाठी रकाना नव्हता.

मग विकासाची चाचणी झाली. रंगीत ठोकळे एकावर एक रचायचे, वयाप्रमाणे उंची ठरलेली. चिंधाने ठोकळे पाहिले, जीभ बाहेर काढली आणि रचायला लागला. मनोरा त्याच्या वयाच्या रेषेवर गेला. तिथून वर, पाच वर्षांच्या पोराच्या रेषेकडे निघाला. प्रमिलाने पेन्सिल उचलली. तेवढ्यात पार्वताबाई उठल्या आणि त्यांच्या लुगड्याचा पदर मनोऱ्याला लागला.

“पडना,” पार्वताबाई समाधानाने म्हणाल्या. “मी सांगेल व्हतं ना.”

गावभर असंच चाललं. चित्र काढणाऱ्या पोराच्या हातातली पेन्सिल आजीला नेमकी तेव्हाच हवी असायची. एका पायावर उभं राहणाऱ्या पोरीला पाणी आणायला पिटाळलं जायचं. ती एका पायावर लंगडी घालतच जायची, पण चाचणी तोवर संपलेली असायची. डिसेंबरपर्यंत सगळ्या खुणा उजव्या कडेच्या रकान्यात जाऊन बसल्या. तो रकाना ‘तीव्र नकारात्मक’ लोकांचा होता.

प्रमिलाला हे पटत नव्हतं. ज्या बाईने ‘असा पोऱ्या कोनले नको’ म्हटलं, तीच बाई भाकरीचा पापुद्रा सोलून, फुंकून, दुधात कुस्करून त्याच पोऱ्याच्या मागे अंगणभर पळताना ती रोज पाहत होती. पण पटत नाही हा काही निष्कर्ष नसतो. असं तिचे मार्गदर्शक डॉ. खाजगीवाले म्हणत.

डॉ. खाजगीवाले मूळचे पुण्याचे. जळगावचं ऊन आपल्यावर वैयक्तिक राग धरून आहे असं त्यांना वाटे. निकाल पाहून मात्र ते खूश झाले.

“मिस बैसाणे, हे फार महत्त्वाचं आहे. फार चिंताजनक आहे.”

“सर, मला वाटतं काहीतरी चुकतंय. त्या बायका पोरांना फार जपतात.”

“तुम्हाला वाटतं. त्या काय म्हणतात?”

“दगड म्हणतात.”

“मग?” डॉक्टरांनी चष्मा काढला. “नव्या प्रकल्पात आपण या मातांसाठी शिबिरं घेऊ. मातृप्रेम जागृती. तुम्हीच अधिकारी असाल. गावोगाव जाऊन त्यांना प्रेम करायला शिकवायचं.”

म्हणजे पार्वताबाईंना प्रेम करायला शिकवायचं. ही नोकरी हातात पडणार होती ती नेमकी याच खोट्यावर. तिने दुसरी संधी मागितली. डॉक्टर उदार होते. म्हणाले, दुसऱ्या स्रोताकडून पडताळून पाहा. शेजाऱ्यांना विचारा. आणि संगोपनकर्त्याला मोकळं करायचं असेल तर सुरुवात मुलाच्या कौतुकाने करावी, हे मी वर्गात सांगितलंच आहे.

पार्वताबाईंची शेजारीण म्हणजे त्यांची सख्खी जाऊ, द्रौपदाबाई. दोघींच्या मध्ये एक कमरेएवढी भिंत होती. एका उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कुरडयांवर कोणाची कोंबडी चालली यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. कोंबडी कधीच मेली होती. अबोला तेवढा अंडी घालत होता.

प्रमिलाने भिंतीपलीकडे जाऊन विचारलं, “अक्का, शेजारचा चिंधा कसा वाटतो तुम्हाला?”

द्रौपदाबाईंनी सुपातलं धान्य खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की प्रमिलाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला.

“चिंधा?” द्रौपदाबाईंनी आवाज भिंतीच्या उंचीला लावला. “आसा पोऱ्या बठ्ठा गावमा नही, माय. काय त्याना रंग, काय त्याना दात. चालस ते राजाना मायेक. आन् खास किती. दोन भाकरी खास एकटा.”

प्रमिलाने ‘पूर्ण सहमत’ या रकान्यात खूण करायला घेतली. अख्ख्या अभ्यासात पहिल्यांदा तिची पेन्सिल डाव्या कडेला गेली होती. खूण पूर्ण व्हायच्या आत भिंतीवर पार्वताबाईंचं डोकं उगवलं.

“तुना डोया फुटोत. मना पोऱ्याना घास मोजस का?”

“मी ते चांगलंच सांगी ऱ्हायनू,” द्रौपदाबाई शांतपणे म्हणाल्या. “बाईनी इचारं.”

पुढचं सगळं भांडण प्रमिलाला नीट समजलं नाही, पण त्यात तिचा उल्लेख डोळ्यांत तेल घालून आलेली, ‘ही कोन कोठली डोयामा तेल घालीसन वनी’ असा झाला, एवढं समजलं. दुसऱ्या दिवशी चिंधाला ताप आला. पोराने अख्खी दुपार पाटातल्या पाण्यात डुंबून काढली होती हे कोणीही लक्षात घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रमिला फाट्यावर बसमधून उतरून गावात शिरली, तेव्हा एकामागून एक पोरं घरात ओढली गेली. बालविकासाच्या अभ्यासाला आलेल्या मुलीला दिवसभरात एकही बालक दिसलं नाही.

ती वैतागून धुळ्याला परतली. घरी शेजारच्या बाई बसल्या होत्या. प्रमिला दप्तर आपटून जेवायला बसली.

“तुमची प्रमिला फार हुशार हो,” त्या बाई म्हणाल्या. “एवढं शिकली, आता साहेबीण होईल.”

“कसली हुशार,” आई यशोदाबाई पटकन म्हणाल्या. “पेपर सोपे निघाले म्हणून पास होते. डोक्यात काही राहत नाही तिच्या. साधं मीठ कळत नाही भाजीतलं.”

हे वाक्य प्रमिला दहावीपासून ऐकत आली होती. प्रत्येक निकालाला, प्रत्येक पाहुण्यासमोर. प्रत्येक वेळी तिला रडू यायचं आणि मग ती अजून अभ्यास करायची. आज घास हातात धरून ती आईकडे बघत राहिली. झुलालभाऊंनी उंबऱ्यावर दृष्टीला अडवलं होतं, मिरच्या बंद केल्या होत्या, काळा दोरा बंद केला होता. पण यशोदाबाईंचं तोंड कायद्यात आलंच नव्हतं.

“काय बघते?” आई म्हणाली. “जेव. कशी काडी झालीय, बघवत नाही.”

प्रमिला दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने जळगावला गेली.

“सर, मापिका उलटी वाचायला हवी. त्या बायका पोराला चांगलं म्हणत नाहीत, कारण चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. जितकं जास्त जपतात तितकं वाईट बोलतात.”

डॉ. खाजगीवाल्यांनी चष्मा काढला. “म्हणजे सगळ्यात जास्त शिव्या देणारी बाई सगळ्यात प्रेमळ?”

“हो, सर.”

“आणि कौतुक करणारी?”

“भाऊबंद, सर.”

डॉक्टर बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. पंखाही त्यांच्याकडे पाहत राहिला, कारण लाइट नव्हती.

“मिस बैसाणे, अंधश्रद्धेवर आपण शास्त्र उभं करू शकत नाही. पण मी अन्याय करणार नाही. मी स्वतः गावात येतो. एका, फक्त एका संगोपनकर्त्या स्त्रीने माझ्यासमोर स्वच्छ शब्दांत सांगावं की तिला हे मूल चांगलं वाटतं. तुम्ही प्रकरण बदला, मी सही करतो.”

“सांगेल, सर. एक विनंती आहे. तुम्ही मुलाला चांगलं म्हणू नका.”

डॉक्टर हसले. “काहीतरीच.”

प्रमिलाने मग पार्वताबाईंना गाठलं. चिंधाचा ताप उतरला होता. तो आता शेळीला गोळी देत होता. पार्वताबाई आधी बोलायलाच तयार नव्हत्या. प्रमिला ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पार्वताबाईंनी तिच्यासमोर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा ठेवला आणि ‘हडकं दिखाई ऱ्हायनात’ एवढंच म्हणाल्या. हळूहळू हा पायंडाच पडला. ती येई, खाई, ज्वारी पाखडू लागे, आणि तिने पाखडलेलं पार्वताबाई पुन्हा पाखडत. भिंतीपलीकडून द्रौपदाबाई तिला लोणच्याची फोड देत आणि वर म्हणत, ‘तिनी भाकर काय, चामडं ऱ्हास.’ प्रमिला दोन्ही खाई. ‘बाई’ची ‘पोरी’ कधी झाली ते तिच्या लक्षात आलं नाही. ती मार्चच्या काळजीत होती.

शेवटी तिने पार्वताबाईंना सगळं सांगितलं. लघुप्रबंध, सही, नोकरी, आणि सही झाली नाही तर शिबिर. आपल्याला प्रेम शिकवायला माणसं येणार हे ऐकून पार्वताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“काय सांगनं पडी?”

“फक्त एवढंच. चिंधा हुशार आहे.”

पार्वताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. “तो मामाकडे शिरपूरले जाई तवय सांगू? तठलगून नजर लागाव नही.”

“साहेबांना तो बघायचाय, आजी.”

बरीच घासाघीस झाली. सदरा उलटा घालायचा, गालावर काजळ, कमरेला काळा दोरा, मुठीत बिब्बा, आणि बोलताना पार्वताबाईंनी पोराकडे बघायचं नाही. हे ठरल्यावर त्यांनी सराव केला. “हुशा—” म्हणाल्या आणि खोकला आला. पाणी पिऊन पुन्हा म्हणाल्या, “हु—”. पण संध्याकाळपर्यंत अख्खा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडला. लगेच त्या आत जाऊन तुळशीला पाणी घालून आल्या.

“तुनासाठे सांगसू,” त्या म्हणाल्या. “एक डाव. परत इचारू नको.”

डॉक्टरांची जीप आली तो दिवस कडक उन्हाचा होता. ओट्यावर गोधडी अंथरली होती. उलट्या सदऱ्यातला, तोंडभर काजळाचा चिंधा आजीला टेकून बसला होता. पार्वताबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. शब्द आत तयार होता, तो सांडू नये म्हणून. भिंतीपलीकडे द्रौपदाबाई भाजी निवडत होत्या, आणि तीच मेथी त्या पुन्हा पुन्हा निवडत होत्या. प्रमिलाने हातानेच पार्वताबाईंना धीर दिला.

डॉ. खाजगीवाले बसले, त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि चिंधाकडे पाहिलं. मग त्यांनी जे वर्गात वीस वर्षं शिकवलं तेच केलं.

“अरे वा,” ते म्हणाले. “काय गोंडस मुलगा आहे. डोळे किती पाणीदार. किती चुणचुणीत.”

ओट्यावरची माशीसुद्धा थांबली. प्रमिलाने डोळे मिटले.

पार्वताबाईंनी चिंधाला एका झटक्यात पदराखाली घेतलं. मिटलेले ओठ उघडले आणि तयार ठेवलेला शब्द कुठल्या कुठे गेला.

“कसाना गोंडस, साहेब. माकड शे माकड. रातदिन नाक गयस. बापासारखा येडा. त्याले स्वतानं नाव सांगता येस नही.”

“चिंधा अभिमन पाटील,” पदराखालून आवाज आला.

“देखा,” पार्वताबाई म्हणाल्या. “बोलता बी येस नही.”

डॉक्टरांनी वहीत लिहिलं. प्रमिला पुढे झाली. “आजी, आपलं ठरलंय ना. ते सांगा ना.” पार्वताबाईंनी तिच्याकडे पाहिलं ते पूर आलेल्या नदीत पोर सोड असं कोणी म्हटल्यासारखं. प्रमिला मागे सरली.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. मुलीचं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं. निदान तिचं काम तरी वाया जाऊ नये, म्हणून ते बायकांकडे वळले. एव्हाना लताबाई आणि आणखी चार-पाच जणी ओट्याशी जमल्या होत्या.

“बरं, ते राहू द्या. ही आमची प्रमिला. आमच्या महाविद्यालयातली सगळ्यात हुशार मुलगी. हिच्यासारखी विद्यार्थिनी मी पाहिली नाही. ती तुमच्यात इतके दिवस राहिली. कशी वाटली तुम्हाला?”

पार्वताबाईंनी प्रमिलाकडे पाहिलं. अंगावर काळा दोरा नाही, कानामागे काजळ नाही, आणि एवढा मोठा साहेब चारचौघांत भरदुपारी बोलून मोकळा झालेला.

“ही?” पार्वताबाई म्हणाल्या. “ही कसानी हुशार. गधडी शे. तीन महिना व्हयनात, ज्वारी पाखडता येस नही तिले.”

“आजी,” प्रमिला म्हणाली.

“खावानं भान नही. काडीना मायेक हात. रंग ते देखा. कोन करी हिले?”

“इचारस काय, समजस बी नही आपले,” दुसरी म्हणाली.

“तिले घरनी याद बी येस नही, रोज अठेच पडेल ऱ्हास,” तिसरी म्हणाली.

डॉक्टरांची पेन्सिल धावत होती. प्रमिलाला एकच आशा उरली. तिने भिंतीकडे पाहिलं. भाऊबंदकीवर तिचा आता पूर्ण विश्वास होता. या गावात चांगलं बोलणारं एकच तोंड होतं आणि ते भिंतीपलीकडे होतं.

डॉक्टरांनीही तिकडे पाहिलं. “तुमचं काय मत, बाई?”

द्रौपदाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. प्रमिलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी तोंड फिरवलं.

“भाकर बी येस नही तिले,” त्या म्हणाल्या. “निस्ता दगड शे.”

“खरं शे,” पार्वताबाई म्हणाल्या. कुरडयांनंतर दोघी जावांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

फाट्यापर्यंत प्रमिला जीपमागून चालत गेली. जीप थांबवून डॉक्टरांनी खिडकीतून सांगितलं, हळू आवाजात, कारण ते वाईट माणूस नव्हते. “मिस बैसाणे, संशोधकाचा निष्कर्ष चुकला तर चालतं. पण प्रतिसादकांच्या मनात त्याच्याबद्दल असं मत असेल, तर त्या माहितीवर मी सही कशी करू? तुम्ही त्यांचा विश्वास मिळवू शकला नाहीत. या वर्षी नाही होणार. पुन्हा एक वर्ष क्षेत्रकार्य करा. प्रकल्पाचं मी दुसऱ्या कोणाला सांगतो.”

“सर, त्या मला…” प्रमिला म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य खरं होतं. पण ते मापिकेच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हतं, आणि साहेबाला सांगितलं तर त्याचा अर्थ उलटा होत होता. “काही नाही, सर.”

जीप आग्रा रोडला लागली. धुळ्याची एस.टी. यायला वेळ होता. वर्कशॉपातल्या एकेका माणसाला झुलालभाऊंना आता काय सांगावं लागेल याचा विचार करत ती फाट्यावरच्या दगडावर बसली, आणि मग तिला इतका राग आला की ती उठून तरातरा परत गावात गेली.

पार्वताबाई ओट्यावर उभ्या होत्या. हातात मूठभर मीठ आणि सुक्या मिरच्या.

“सांगणार होतात तुम्ही,” प्रमिला म्हणाली. “एक शब्द सांगायचा होता. माझं वर्ष गेलं. नोकरी गेली. माझ्याबद्दल तरी चांगलं बोलायचं होतं ना, मी काय तुमची पोर आहे?”

“बस अठे,” पार्वताबाई म्हणाल्या.

“नाही. आमच्यात करत नाहीत हे.”

“तुमनामा करतस नही ते नका करू. मी करसू. बस.”

प्रमिला बसली. पार्वताबाईंनी मूठ तिच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून फिरवली. ओठांत पुटपुटत शेजारी, पाजारी, आली, गेली, सगळ्यांची नावं घेतली. पाटील, तलाठी आणि साहेब यांना त्यात वेगळी जागा दिली. मग सगळं चुलीत टाकलं. मीठ तडतडलं. मिरच्या जळून काळ्या झाल्या. चिंधा, शेळी आणि भिंतीपलीकडून मान उंचावलेल्या द्रौपदाबाई वाट पाहत राहिल्या. कोणालाही ठसका लागला नाही. दृष्ट नसली तर मिरची झोंबते. असली तर गपगुमान जळते.

“देख,” पार्वताबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“गैरी नजर लागनी व्हती,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “साहेबना डोया भलता कडक.”

प्रमिला त्या चुलीकडे पाहत राहिली. घरी वडिलांना सांगण्यासारखं यात काही नव्हतं. मार्चही परत येणार नव्हता. तिने नाक ओढलं.

“पुढचं सगळं वर्ष यावं लागेल मला इथे,” ती म्हणाली. “तेच विचारायला. पुन्हा पहिल्यापासून.”

“ये ना मंग,” पार्वताबाई म्हणाल्या आणि परातीत पीठ ओढलं. “नहीतरी तुले दुसरं काय येस?”